‘जरा मुंग्या येतात, इतकंच!’

शाळेची सहल निघायची म्हटली की तयारीची यादी ठरलेली असते. पालकांची संमतिपत्रे, गाडीचे आरक्षण, प्रथमोपचाराची पेटी, पोहता न येणाऱ्या मुलांची वेगळी नोंद. समुद्रावर जायचे असेल तर भरती-ओहोटीच्या वेळाही आपण लिहून घेतो. पण रात्री मुले जिथे झोपणार आणि सकाळी अंघोळ करणार, त्या खोल्यांतील विजेची जोडणी कशी आहे हा प्रश्न या यादीत आम्ही तरी कधी पाहिलेला नाही. आमच्याही यादीत तो नव्हता.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आठवी-नववीची मुले घेऊन आम्ही कोकण किनाऱ्यावरच्या एका गावी गेलो होतो. उतरलो ते घर छान होते. जांभ्या दगडाच्या भिंती, अंगणात झोपाळा, खोल्यांना नवा रंग, न्हाणीघरात नव्या फरश्या. सकाळी पहिला मुलगा अंघोळीला गेला आणि लगेच बाहेर आला. “सर, नळाला हात लावला की झिणझिण्या येतात.” आमच्यापैकी एकाने टेस्टर लावून पाहिला. गीझरच्या धातूच्या नळीवर टेस्टरचा दिवा पेटला. घरमालकांना बोलावले. ते शांतपणे म्हणाले, “अहो सर, जरा मुंग्या येतात, इतकंच! मुलांना चपला घालून जायला सांगा.”

मालक वाईट गृहस्थ नव्हते. मुलांना दोन्ही वेळा आग्रहाने वाढत होते. म्हणूनच त्यांचे उत्तर आम्हाला महत्त्वाचे वाटते. पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी आम्हाला एकूण चार उत्तरे दिली. ती चारही उत्तरे आपण घरी, शेजारी, कार्यालयात नेहमी ऐकतो. सुट्टीत भाड्याने मिळणाऱ्या खोल्यांतील बेफिकिरीवर टीका करायची तर ती या उत्तरांवरच करायला हवी. कारण तारा वाईट असतात त्याच्या आधी त्यांच्याविषयीची समजूत चुकलेली असते.

पहिले उत्तर: “चपला घाला.”

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची. शरीरातून किती प्रवाह जाईल हे ओहमच्या नियमाने ठरते, आणि इथे बदलणारी गोष्ट म्हणजे रोध. कोरडे बोट, कोरडी त्वचा, पायात कोरडी रबरी चप्पल असेल तर वाटेतला रोध एक लाख ओहम किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. २३० भागिले १,००,००० म्हणजे २.३ मिलिअँपिअर. याच मालकांच्या ‘मुंग्या’. आता तोच मुलगा अंगभर भिजलेला, अनवाणी, ओल्या फरशीवर उभा आहे आणि त्याने पूर्ण तळव्याने नळ धरला आहे असे समजा. आता रोध हजार ओहमच्या आसपास येतो. गीझरची गळती मोठी असेल, तर प्रवाह २३० मिलिअँपिअरपर्यंत जाऊ शकतो. गीझर तोच, व्होल्टही तेच, पण प्रवाह शंभरपट.

हे आकडे शरीराच्या भाषेत काय सांगतात? कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डॅल्झील यांनी १९४० च्या दशकात स्वयंसेवकांवर प्रयोग करून पाहिले, की हातात धरलेली विद्युन्मय वस्तू माणूस स्वतःहून किती प्रवाहापर्यंत सोडू शकतो. पुरुषांमध्ये ही मर्यादा सरासरी १६ मिलिअँपिअर, तर स्त्रियांमध्ये सुमारे साडेदहा मिलिअँपिअर निघाली. मुलांसाठी ती याहूनही कमी धरावी लागते. या मर्यादेपलीकडे स्नायू आकसतात आणि मूठ सुटत नाही. आपण म्हणतो ‘विजेने धरून ठेवले’. खरे तर आपलेच स्नायू आपल्याला धरून ठेवतात. काही दशक मिलिअँपिअरचा प्रवाह छातीतून सेकंदभर वाहिला, तरी हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरत राहू शकते. रक्त पुढे ढकलले जात नाही.

म्हणून मुंग्या येणे हा किरकोळ त्रास नाही, ती धोक्याची सूचना आहे. चपलेने ती सूचना तेवढी कमी जाणवते. शिवाय अंघोळीत चप्पल भिजते, आणि एक हात नळावर असताना दुसरा ओल्या भिंतीला टेकला तर चपलेचा काहीच उपयोग नाही.

दुसरे उत्तर: “एमसीबी बसवलाय ना!”

मालकांनी अभिमानाने नवी पेटी दाखवली. एमसीबी होता आणि चांगल्या प्रतीचा होता. पण एमसीबी काय करतो? तो तारेला अतिप्रवाहापासून वाचवतो. १६ अँपिअरचा एमसीबी प्रवाह १६ अँपिअरच्या बराच पुढे गेला की काही वेळाने पडतो. तत्क्षणी पडण्यासाठी त्याच्या अनेक पट प्रवाह लागतो. माणसाला मारायला त्यातला एक छोटा अंश पुरतो. वर आपण काढलेला २३० मिलिअँपिअरचा प्रवाह म्हणजे पाव अँपिअरही नाही. एमसीबीच्या दृष्टीने तो दोन-तीन लहान दिव्यांइतका भार! माणूस नळाला चिकटलेला असताना एमसीबी निवांत चालू राहील. फ्यूजचेही तसेच.

माणसासाठी साधन वेगळे आहे. आपल्याकडचे वायरमन त्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. त्याची कल्पना फार सुंदर आहे, आणि दहावीच्या मुलाला सहज समजेल अशी आहे. फेजच्या तारेने जितका प्रवाह जातो, तितकाच न्यूट्रलच्या तारेने परत यायला हवा. या दोन्ही तारा एका लोहचुंबकीय कड्यातून नेल्या, तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात. परत येणारा प्रवाह कमी पडला, म्हणजे तो कुठेतरी वाट चुकून जमिनीत जातो आहे. कदाचित कुणाच्या तरी शरीरातून. मग क्षेत्रे पुरती रद्द होत नाहीत, कड्यावरच्या तिसऱ्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि तिच्यामुळे खटका पडतो. घरगुती वापरात ३० मिलिअँपिअरचा फरक झाला की सेकंदाच्या काही दशांशांत वीज तुटते. फरक मोठा असेल तर त्याहूनही लवकर.

हे साधन आज बाजारात सर्वत्र मिळते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक विनियमांत आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या विनियमांत, अगदी लहान जोडण्या वगळता अशा संरक्षणाची अट आहे. पाच खोल्यांत पाच गीझर असलेले घर लहान जोडणीत बसत नाही. पण मालकांच्या पेटीत ते नव्हते. सहा महिन्यांपूर्वी मात्र त्यांनी न्हाणीघराच्या फरशा बदलल्या होत्या. पाहुण्याला फरशी दिसते, पेटीतला खटका दिसत नाही.

तिसरे उत्तर: “अर्थिंग केलंय, दिवा लावून पाहिलाय.”

या उत्तरापाशी आम्ही स्वतःही थोडे अडखळलो. फेज आणि तिसरे भोक यांच्यामध्ये १०० वॉटचा दिवा लावायचा आणि तो झगझगीत पेटला की अर्थिंग उत्तम, अशी पद्धत सर्रास चालते. हिशेब करून पाहू. १०० वॉटच्या दिव्याचा रोध २३० चा वर्ग भागिले १००, म्हणजे ५२९ ओहम. अर्थिंगचा रोध ५० ओहम आहे असे समजू. हे अर्थिंग वाईटच म्हणायला हवे. एकूण ५७९ ओहम, प्रवाह सुमारे ०.४ अँपिअर, आणि दिव्याच्या वाट्याला येतात सुमारे २१० व्होल्ट. म्हणजे दिवा जवळजवळ पूर्ण उजेड देतो! आता दिव्याच्या जागी गीझरमधला पूर्ण बिघाड ठेवा, म्हणजे फेज सरळ भांड्याला चिकटली. प्रवाह २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी पडत नाही, आणि गीझरचे भांडे जवळजवळ २३० व्होल्टवर तसेच राहते. दिव्याच्या परीक्षेत पहिला आलेला हा विद्यार्थी खऱ्या परीक्षेत नापास होतो. त्याच घरात आरसीसीबी असता, तर ४.६ अँपिअरची गळती त्याला ३० मिलिअँपिअरच्या दीडशेपट मोठी दिसली असती.

अर्थिंग हे एकदा करून विसरायचे काम नाही. जमिनीचा रोध ओलाव्यावर अवलंबून असतो. पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंग मे महिन्यात, खड्ड्याभोवतीची जमीन कोरडी पडल्यावर, कमकुवत होते. जांभ्याच्या जमिनीतून पाणी लवकर निचरून जाते. आणि मे महिना हाच तर पाहुण्यांच्या गर्दीचा!

याहूनही वाईट प्रकार म्हणजे तिसरी तार न्यूट्रललाच जोडून देणे. इथेही दिवा झकास पेटतो. पण खांबाकडून येणारी न्यूट्रलची तार कुठे सुटली, तर घरात चालू असलेल्या दिव्या-पंख्यातून फेज मागच्या वाटेने न्यूट्रलवर येते आणि तिथून गीझर, फ्रीज, कपाटावरची इस्त्री या सगळ्यांच्या धातूच्या अंगावर. यंत्रात काहीही बिघाड नसताना!

टेस्टरविषयीही एक सावधगिरी हवी. नळीवर दिवा पेटला म्हणजे गीझर जळालाच असे नाही. अगदी थोड्या गळतीनेही टेस्टर पेटतो. पण त्यावरून एवढे नक्की कळते, की अर्थिंग आपले काम करत नाही. उलट, टेस्टर पेटला नाही म्हणून सगळे सुरक्षित आहे असेही म्हणता येत नाही.

चौथे उत्तर: “इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही.”

हे उत्तर सर्वांत जास्त ऐकू येते आणि त्याला आकडेमोडीने उत्तर देणे कठीण असते. गीझरमध्ये तापणारी तार धातूच्या नळीत असते. तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्याचे किटण नळीवर साचते. उष्णता बाहेर पडत नाही, नळी जास्त तापते आणि शेवटी तिला बारीक चीर जाते. पुडीत पाणी शिरले की गळती सुरू होते. चीर रोज थोडी वाढते. म्हणजे ‘इतकी वर्षे’ काही झाले नाही यातून ‘उद्याही’ होणार नाही असा निष्कर्ष निघत नाही. गीझर जुना होत गेला, एवढाच निघतो.

नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या वार्षिक अहवालांनुसार आपल्या देशात अलीकडे दर वर्षी दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मरण पावतात. त्या प्रत्येक ठिकाणी आदल्या दिवसापर्यंत ‘कुणाला काही झाले नव्हते’.

धक्क्याचे झाले, आगीचे काय? ज्या घरात पूर्वी चार दिवे, तीन पंखे आणि एक रेडिओ होता, त्याच घरात आज पाच खोल्या भाड्याने दिल्या जातात. प्रत्येक खोलीत दोन किलोवॉटचा गीझर आणि दीड किलोवॉटचे वातानुकूलन यंत्र धरले तर सगळे मिळून साडेसतरा किलोवॉट, म्हणजे ७६ अँपिअर. आत येणारी मुख्य तार मात्र अनेकदा वडिलांच्या काळातली. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दहापट झाला की उष्णता शंभरपट होते.

आणि प्रवाह वाढला नाही तरी धोका आहेच. सैल जोड घ्या. खारी हवा पितळेला आणि तांब्याला खाते, स्क्रू ढिले होतात. अशा जोडाचा रोध अर्धा ओहम जरी झाला आणि त्यातून गीझरचा ८.७ अँपिअर प्रवाह गेला, तर तिथे सुमारे ३८ वॉट उष्णता निर्माण होते. सोल्डरिंगच्या इस्त्रीइतकी! प्लास्टिकच्या पेटीत, लाकडी फळीमागे. गीझरला चारेक व्होल्ट कमी मिळतात, ते कुणाच्या लक्षात येत नाही. एमसीबीलाही काही वावगे दिसत नाही. काळा पडलेला सॉकेट आणि जळकट वास हीच काय ती खूण.

ही गोष्ट फक्त लहान घरांची आहे असे समजू नये. २१ नोव्हेंबर १९८० रोजी अमेरिकेतील लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड या अवाढव्य हॉटेलात लागलेल्या आगीत ८५ जण मृत्युमुखी पडले. आगीचे मूळ उपाहारगृहातील एका शीतपेटीला वीज देणाऱ्या तारांमधल्या दोषात सापडले. तारेचे आवरण झिजले होते, आणि बिघाडाचा प्रवाह जमिनीकडे नेणारी वाट धड नव्हती. बळी गेलेल्यांपैकी बहुतेक जण आगीपासून दूर, वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरले. खोलीचे भाडे जास्त असले म्हणून भिंतीमागची तार चांगली असतेच असे नाही.

आता दुसरी टीका, आपल्या स्वतःवर.

मालकांना ही चार उत्तरे कुणी शिकवली? ते दहावी उत्तीर्ण आहेत. त्यांनी ओहमचा नियम पाठ केला आहे, वितळतारेचे कार्य दोन गुणांसाठी लिहिले आहे. घरगुती जोडणीची आकृतीही काढली असेल, फेज लाल, न्यूट्रल काळी आणि अर्थ हिरवी. आम्हीही वर्षानुवर्षे हेच शिकवत आलो. धडा फ्यूज आणि एमसीबीपाशी येऊन थांबतो. ‘फ्यूज विजेच्या धक्क्यापासून वाचवतो का?’ हा प्रश्न आम्ही नववीच्या वर्गात विचारला, तेव्हा बहुतेक हात ‘हो’ म्हणून वर गेले. चूक मुलांची नाही. ‘फ्यूज म्हणजे सुरक्षितता’ एवढेच आम्ही शिकवले होते. कुणाची सुरक्षितता, तारेची की माणसाची, हे सांगायचे राहून गेले.

समांतर जोडणीतील तीन रोधांची बेरीज अचूक करणारा मुलगा तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन लांब आणि जाड का असते हे सांगू शकत नाही. लांब, म्हणजे ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. जाड, म्हणजे ती चुकूनही फेजच्या भोकात जात नाही. एवढ्या साध्या वस्तूत केवढा विचार आहे! आणि आपण काय करतो? दोन पिनांचा जोड लावून, नाहीतर तिसऱ्या भोकात पेन्सिल खुपसून तो सगळा विचार निकामी करतो.

वर्गात यासाठी फार काही लागत नाही. घरातल्या उपकरणांच्या पट्ट्यांवरचे वॉट लिहून आणायला सांगावेत आणि एकूण प्रवाह काढावा. वर दिलेला दिव्याचा आणि अर्थिंगचा हिशेब फळ्यावर करावा. मुख्य वीजपुरवठ्याशी प्रयोग मात्र कुणीही करू नयेत. अर्थिंग मोजण्याचे काम परवानाधारक तंत्रज्ञाचे आहे, त्यासाठी वेगळे यंत्र असते. शाळेत आरसीसीबी असेल तर त्याचे परीक्षणाचे बटण दाबून खटका पडतो का, हे मुलांना दाखवावे. ते बटण त्यासाठीच असते.

सहलीची जागा ठरवताना आम्ही आता काही गोष्टी विचारतो. आरसीसीबी आहे का, आणि त्याचे बटण शेवटचे कधी दाबले? अर्थिंग यंत्राने मोजले होते का, आणि कधी? गीझर तीन पिनांच्या १६ अँपिअरच्या स्वतंत्र सॉकेटवर आहे का? न्हाणीघरात पाण्याच्या फवाऱ्याजवळ सॉकेट किंवा लोंबती तार आहे का? मुख्य खटका कुठे आहे? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण कुणाला धक्का बसलाच तर आधी वीज बंद करायची असते. त्या माणसाला हात लावायचा नाही. काही मालक रागावतात, काही म्हणतात की आजवर कुणी असे विचारले नव्हते. पाच शाळांनी विचारले तर सहावी शाळा येण्याआधी खटका बसलेला असेल. रंगाचा आणि फरशांचा खर्च मालक करतात, तो पाहुणे त्याविषयी विचारतात म्हणून.

त्या सकाळी मुलांनी थंड पाण्यानेच अंघोळी केल्या. दुपारी तालुक्याच्या गावाहून वायरमन आला. त्याने सॉकेट उघडला. आत हिरवी तार होती, चांगली नवी होती. पण ती कशालाच जोडलेली नव्हती. टोक दुमडून पेटीमागे सारून ठेवले होते. बाहेरून तीन भोके तीच, पिना तीन, आणि आत तारा दोनच. मालक बराच वेळ त्या टोकाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “बाकीच्या खोल्याही उघड रे.”

परतीच्या गाडीत नववीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, आपल्या शाळेतल्या पाण्याच्या कूलरची तिसरी तार कुठे जाते?”

तिला आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. पुढच्या आठवड्यात कूलरचा सॉकेट उघडून घेतला. तार जोडलेली होती, पण शाळेच्या पेटीत आरसीसीबी नव्हता. तो आता बसला आहे. वाचकांपैकी किती जणांना आपल्या शाळेच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे?